‘डाऊट’ म्हणजे शंका नव्हे

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो तेव्हाची गोष्ट. इंग्लंडमधल्या ग्राहकाची तक्रार आली की तुमच्या शाफ्टना तडे जाताहेत. आम्ही त्या लॉटचे राहिलेले नग काढले, कापून पाहिले, आणि सगळ्यांची बोटं हीट ट्रीटमेंटकडे, म्हणजे पोलाद भट्टीत तापवून-थंड करून कणखर करण्याच्या कामाकडे वळली. पुरावा हातात नव्हता, पण भट्टीतच काहीतरी बिघडलं असावं यावर खात्यात एकमत होतं. ग्राहकाला मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मराठी माध्यमातून शिकलेला माणूस इंग्रजी मेल लिहिताना घेतो ती सगळी काळजी मी घेतली. काळ तपासले, स्पेलिंग तपासलं, ‘द’ कुठे घालायचा यावर शेजारच्या टेबलाशी चर्चा केली. मुख्य वाक्य होतं, ‘वुई डाऊट दॅट द क्रॅक्स आर ड्यू टू हीट ट्रीटमेंट.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, तर मग हीट ट्रीटमेंट बाजूला ठेवून बाकीची कारणं तपासा. आम्हाला वाटलं, साहेबाच्या प्रयोगशाळेत काहीतरी वेगळं दिसलं असणार. मग पोलादाच्या पुरवठादाराला पत्रं गेली, फोर्जिंगवाल्याकडे आमचा एक माणूस दोन पाळ्या जाऊन बसला, मशीनिंगवरही आळ आला. तीन आठवडे असेच गेले. शेवटी फोनवर बोलता बोलता मी म्हणालो की आम्ही तर पहिल्याच दिवशी हीट ट्रीटमेंटचं नाव घेतलं होतं. पलीकडे जरा शांतता झाली. मग तो गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाला, ‘तुम्हाला ती शक्यता वाटत नाही, असं लिहिलं होतंत.’

मी ताबडतोब शब्दकोश काढला. डाऊट : शंका, संशय. बरोबरच तर होतं! आम्हाला हीट ट्रीटमेंटची शंका होती आणि मी शंका आहे असंच लिहिलं होतं. घोळ असा की इंग्रजीत कुणी ‘आय डाऊट’ म्हणून पुढे एखादं विधान जोडलं की बोलणाऱ्याचं मन ‘नाही’कडे झुकलेलं असतं. मला हवा होता तो शब्द ‘सस्पेक्ट’, ज्यात मन ‘हो’कडे झुकतं. ‘आय डाऊट ही इज अ थीफ’ म्हणजे तो चोर असेल असं मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट ही इज अ थीफ’ म्हणजे तो चोर असावा. एका वाक्यात माणूस सुटतो, दुसऱ्यात अडकतो. आणि आमच्या कोशात दोन्ही शब्दांपुढे तेच दोन मराठी शब्द, शंका आणि संशय.

आता जरा वरची दोन मराठी वाक्यं पुन्हा वाचा. ‘तो चोर असावा’ आणि ‘तो चोर असेल असं वाटत नाही’. तिसरीतलं पोरही यातला फरक चुकणार नाही. म्हणजे मराठीला हा भेद कळतो, दाखवता येतो आणि त्यासाठी तिला एखादा जडजंबाळ शब्दही लागत नाही. नुसत्या ‘असावा’वर काम भागतं. तीन आठवडे वाया गेले त्याला माझी मराठी कारण नव्हती. कारण होतं वहीतलं ते दोन रकान्यांचं आखीव कोष्टक, डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी शब्द. आमच्या शाळेत त्याला ‘शब्दार्थ’ म्हणत. आजही म्हणतात.

माझं म्हणणं या कोष्टकाबद्दल आहे. इंग्रजी कितवीपासून शिकवावं, कुठल्या माध्यमातून शिकवावं, यावर महाराष्ट्रात जेवढी डोकी फुटली त्याच्या शंभराव्या हिश्शानेही एक शब्द कसा शिकवावा याचा विचार झालेला दिसत नाही. पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालच्या जूनपासून ते पहिलीपासून आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते आणि त्या निर्णयावर केवढा गदारोळ झाला हे अनेकांना आठवत असेल. पुढे सेमी-इंग्रजीची लाट आली. २०२५ मध्ये तिसऱ्या भाषेवरून एप्रिल आणि जूनमध्ये निघालेले दोन शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले, इतका विषय तापला. प्रत्येक वेळी वाद ‘कोणती’ आणि ‘कितवीपासून’ यांचाच. २००० साली पहिलीत इंग्रजी गिरवलेली मुलं आज तिशीत आहेत. त्यातले बरेच जण माझ्या हाताखाली काम करून गेले. माझ्यापेक्षा चार वर्षं आधी त्यांना इंग्रजी मिळालं, उच्चार माझ्यापेक्षा चांगले झाले, धीटपणा तर नक्कीच वाढला. पण मेलमधला ‘डाऊट’ तोच राहिला. मी स्वतः निदान पाच जणांच्या मसुद्यातून तो खोडला आहे.

*

शब्दाला एकच अर्थ असतो ही समजूत आपण मराठीबद्दल कधीच बाळगत नाही. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. झाडाला फळं लागतात आणि घराला आगही लागते. दुपारी जरा डोळा लागतो, घाटात गाडी लागते, कुणाचं बोलणं मनाला लागतं, रिक्षाला पन्नास रुपये लागतात आणि सकाळी सहाला उठावं लागतं. यातला कुठला ‘लागणे’चा खरा अर्थ? कुणा मराठी मुलाने यांची यादी पाठ केलीय? भूक लागली असताना त्याने ‘भूक लागली’ ऐकलं, ठेच लागली तेव्हा ‘लागलं का रे?’ ऐकलं. प्रसंग आधी आला, शब्द त्याला चिकटून आला, आणि अर्थ असा वेगळा काढून कुणी हातावर ठेवलाच नाही. अमराठी माणूस मराठी शिकायला लागला आणि आपण त्याला ‘लागणे = टच’ असं लिहून दिलं तर तो ‘मला भूक टच झाली’ म्हणेल, आणि आपण हसू. आपल्या इंग्रजीवर जगात कुठेतरी अशीच माणसं हसत असतात. सभ्य असल्यामुळे तोंडावर हसत नाहीत, एवढंच.

इंग्रजीतही हाच मामला आहे. ‘रन’ म्हणजे धावणे, हे दुसरीतलं मूल सांगेल. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी संपादकांनी या एका क्रियापदाचे अर्थ मोजले तेव्हा ते ६४५ भरले. नळ रन होतो, नाक रन होतं, माणूस दुकान रन करतो, निवडणुकीला रन होतो, साखर संपत आली तर साखरेचं रन आऊट होतं. मराठीत नळ वाहतो, नाक गळतं, दुकान चालवतात, निवडणुकीला उभं राहतात. उभं राहणं आणि धावणं! एकाच कामाला इंग्रज धावतो आणि आपण उभे राहतो, हे ज्या मुलाला कुणी गंमत म्हणून दाखवलं असेल ते ‘रन’ विसरणार नाही.

हा कोश बनला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. जेम्स मरे नावाच्या संपादकाने आवारात एक पत्र्याची खोली उभारली. देशोदेशीच्या वाचकांनी पुस्तकं वाचून, एकेका शब्दाची वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली आणि त्या चिठ्ठ्या खणांत लावून मग अर्थ ठरवले गेले. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम पुरं झालं १९२८ मध्ये, मरे त्याआधीच वारला होता. आधी वाक्यं, मागाहून अर्थ, असा तो क्रम. इंग्रजांना स्वतःच्या भाषेतला शब्द समजून घ्यायला लाखो वाक्यं गोळा करावी लागली आणि आपण पोराला बरोबरचं चिन्ह देऊन मोकळे होतो.

फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये म्हटलं होतं की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. केस आणि डोळे काळेभोर असतात, ढग काळाकुट्ट. ‘काळेकुट्ट डोळे’ व्याकरणात बसतं, पण मुलगी बघायला गेलेल्या पाहुण्याने तसं म्हणून पाहावं. पांढऱ्याला शुभ्र, हिरव्याला गार, पिवळ्याला धमक. हे नियम कुठल्या पुस्तकात वाचून आपण शिकलो नाही, तरी चुकत नाही. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि पाऊस ‘हेवी’. आपला चहा कडक, पाऊस मुसळधार. स्ट्राँगपुढे ‘बलवान’ लिहून घेतलेल्या मुलाला चहाचं काय करायचं ते कळत नाही आणि तो मग ‘हार्ड टी’ मागतो.

*

‘डाऊट’चं माझं भांडण पुढे बरंच वाढलं, त्यातून काही मजेशीर गोष्टी हाती लागल्या. त्या सांगायचा मोह आवरत नाही.

एक म्हणजे, या शब्दात न उच्चारला जाणारा ‘बी’ नंतर घुसडलेला आहे. फ्रेंचमधून आला तेव्हा तो बिनबीचा होता. पुढे विद्वानांना वाटलं, मूळ लॅटिन शब्दात ‘ब’ आहे तर स्पेलिंगमध्ये दिसायला हवा. त्यांनी तो बसवला, लोकांनी तो कधी उच्चारला नाही, आणि आपल्या मुलांच्या पाठीवर चारशे-पाचशे वर्षांनी त्याचे वळ उठले. दुसरं म्हणजे, ते लॅटिन मूळ ‘दोन’ या संख्येशी जोडलेलं आहे. मन दोन वाटांवर उभं असणं. आपल्याकडे मन ‘द्विधा’ होतं, तेच ‘द्वि’. म्हणजे डाऊटचा सख्खा नातेवाईक मराठीत आहे, तो ‘शंका’ नाही, ‘द्विधा’ आहे. हे मला सहावीत कुणी सांगितलं असतं तर शब्दही लक्षात राहिला असता आणि मराठी-इंग्रजी या दूरच्या का होईना पण बहिणी आहेत हेही कळलं असतं.

तिसरी गोष्ट कळली तेव्हा मी खरोखर उठून बसलो. शेक्सपिअरचा हॅम्लेट, बापाचं भूत फिरतंय हे ऐकल्यावर म्हणतो, ‘आय डाऊट सम फाऊल प्ले.’ काहीतरी काळंबेरं असावं! अगदी माझाच अर्थ. तेव्हाच्या इंग्रजीत डाऊट असा ‘हो’कडेही झुकायचा, आणि स्कॉटलंडमध्ये अजूनही झुकतो. तिथला माणूस ‘आय डाऊट इट विल रेन’ म्हणाला तर छत्री घेऊन निघावं. म्हणजे माझी मेल चुकीची नव्हती, चारशे वर्षं उशिरा पाठवली गेली होती. ग्राहकाला हे लिहून कळवण्याचा विचार मनात आला होता, पण तीन आठवड्यांच्या खर्चाचा हिशेब अजून मिटायचा होता.

यावरून कुणी म्हणेल की मग चूक-बरोबर असं काही राहिलंच नाही. तसं मला म्हणायचं नाही. आपल्या वर्गांत ‘सर, एक डाऊट आहे’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ ‘एक प्रश्न आहे’ असा असतो. हा डाऊट आता आपला झाला. मराठीतल्या ‘शंका’ने त्याला दत्तक घेतलं. (त्या ‘शंके’चंही काय सांगावं, लघुशंकेत कुठली शंका असते?) ‘नर्व्हस’चं तसंच. परीक्षेत कमी गुण पडल्यावर आपला मुलगा ‘नर्व्हस झालाय’ म्हणजे खट्टू झालाय. इंग्रजाचा मुलगा परीक्षेच्या आधी नर्व्हस असतो, म्हणजे धाकधूक. आपल्या हॉटेलात राहायची सोय असायलाच हवी असं नाही आणि आपला ग्लास स्टीलचा असतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बटाटा पोर्तुगीजांकडून घेतला, त्याला आपण काय काय केलं! आपल्या मुंगुसाला उलट इंग्रजांनी उचललं आणि ‘मंगूज’ केलं, तेव्हा त्यांनी आपली परवानगी विचारली नव्हती. फक्त मराठीतला ‘डाऊट’ आणि इंग्रजीतला ‘डाऊट’ हे आता दोन शब्द आहेत, हे मुलाला माहीत हवं. भाकरी आणि पाव दोन्ही खावेत, पण भाकरी टोस्टरमध्ये घालू नये.

*

परीक्षा काय मागते, ते शाळा शिकवते. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एका शब्दातली अक्षरं वापरून चार नवे शब्द बनवायला सांगतात, शब्द वर्णानुक्रमे लावायला सांगतात, शब्दांची साखळी पुरी करायला सांगतात. हे गुण हुकमी म्हणून शिक्षक ते घोटून घेतात. त्यात त्यांचा दोष नाही, निकालाचा दबाव त्यांच्यावर आहे. पण अक्षरांची ही जुळवाजुळव एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना करता येते. वाक्प्रचार वापरून अर्थपूर्ण वाक्य लिहा, असाही प्रश्न असतो आणि तो चांगला प्रश्न आहे. आमच्या वेळच्या पोरांनी त्यावरही उतारा काढलाच होता : ‘माझ्या शिक्षकांनी मला अमुक या वाक्प्रचाराचा अर्थ सांगितला.’ कुठलाही वाक्प्रचार घाला, वाक्य बरोबर.

पुढे स्पर्धा परीक्षा. एमपीएससीच्या गट ब, गट क च्या मुख्य परीक्षेत मराठी-इंग्रजीचा पेपर असतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जा, भिंतीला चिकटवलेल्या समानार्थी शब्दांच्या याद्या दिसतील. थिन, स्लिम, लीन, स्किनी, एका ओळीत, पुढे ‘बारीक’. ज्या मुलीला आपण प्रेमाने ‘स्किनी’ म्हणू ती आयुष्यभर लक्षात ठेवेल. समानार्थी शब्द बहुतेक वेळा समान नसतात. बारीक, सडपातळ, शेलाटी, काटकुळी, हडकलेली हे सगळे शब्द एकाच पोरीला लावून बघा, कोण कौतुक करतंय आणि कोण काळजी करतंय ते लगेच कळेल. हा विवेक मुलांकडे मराठीत तयार असतो. इंग्रजी शिकवताना आपण तो वापरतच नाही.

इथे दोन टोकाची माणसं मला अडवतात. एक म्हणतात, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, तासाला मराठी शब्द नको. काही शाळांत मराठी बोलल्यावर दंड असतो, असं पालक मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांना माझा प्रश्न आहे की ‘डाऊट’ आणि ‘सस्पेक्ट’ यांतला फरक साताऱ्याच्या एखाद्या वाडीतल्या सातवीच्या मुलाला इंग्रजीतून समजावून दाखवा. तुम्ही वापराल ते समजावण्याचे शब्दच त्याला यायचे असतात. त्याच्याकडे ‘असावा’ आणि ‘वाटत नाही’ ही तयार हत्यारं आहेत, ती दाराबाहेर ठेवून आत या म्हणण्यात कसलं शहाणपण?

दुसऱ्या टोकाचे म्हणतात, अहो, पोराला शब्द तरी कळू दे, छटा-बिटा हे शहरातल्या लोकांचे चोचले. यात तथ्य आहे, ते नाकारू नये. घरात इंग्रजीचा वारा नसलेल्या मुलाला पहिल्यांदा शब्दाला धरायला काहीतरी लागतं, आणि जोड्या पाठ करून शब्द पटकन तोंडओळखीचे होतात हेही खरं आहे. मी स्वतः तसाच शिकलो, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडिलांच्या ट्रंकेत होती, तिच्यावर माझं पहिलं इंग्रजी झालं. आणि त्या जुन्या पद्धतीत निदान वाक्यं होती, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत घोळवलेली. नंतरच्या सोयीस्कर गाईडांनी वाक्यं गाळली आणि रकाने ठेवले. पांगुळगाडा रांगत्या पोरासाठी चांगलाच, पण दहावीतल्या मुलालाही तोच देऊन वर आम्ही विचारतो की पळत का नाही.

शिवाय आता फोन आहे. कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं की मराठी प्रतिशब्द क्षणात हजर. जे काम फोन फुकट करतो त्यासाठी शाळेने तास खर्च करायचे, आणि जे फोनला नीट जमत नाही, म्हणजे हा शब्द कुणी, कुणाला, कुठल्या वेळी म्हणावा, ते वाऱ्यावर सोडायचं, हा कारभार उलटा आहे.

*

मग करावं काय? आठवड्याला वीस शब्दांऐवजी पाच घ्या, एवढं तर कुठलीही शाळा शासन निर्णयाची वाट न बघता करू शकते. प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द न लिहिता प्रसंग लिहायचा, मराठीत लिहिला तरी चालेल. ‘डाऊट : एसटी वेळेवर येईल असं मला वाटत नाही.’ ‘सस्पेक्ट : डबा बहुतेक मांजरानेच सांडला असावा.’ परीक्षेतही असा एक प्रसंग देऊन विचारता येईल की इथे यातला कुठला शब्द बसेल आणि का, आणि ‘का’चं उत्तर मराठीत लिहायची मुभा द्यावी. पेपर तपासणाऱ्यांचं काम वाढेल, हे मान्य.

मोठं काम कोशाचं आहे. आज ऑक्सफर्डचा म्हणून जो विद्यार्थ्यांचा इंग्रजी कोश जगभर विकला जातो त्याचा जन्म इंग्लंडमध्ये झालेला नाही. हॉर्नबी नावाचा मास्तर १९२४ मध्ये जपानात शिकवायला गेला. जपानी पोरं कुठे अडखळतात हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं, आणि क्रियापदापुढे काय येतं, काय येत नाही हे दाखवणारा कोश सहकाऱ्यांबरोबर तयार केला. तो १९४२ मध्ये, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो नंतर घेतला. मायकेल वेस्ट तर आपल्या जवळचा, ढाक्याला शिक्षण खात्यात होता. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय जड जातं यावर त्याने उमेदीची वर्षं घालवली आणि १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची यादी काढली. तिच्यात शब्दाचा कुठला अर्थ किती टक्के वेळा वापरात येतो तेही दिलेलं आहे, म्हणजे आधी कुठला शिकवावा हे मास्तराला कळतं. १९८७ मध्ये बर्मिंगहॅमहून आलेल्या कोबिल्ड कोशाने एक पाऊल पुढे टाकून अर्थच पूर्ण वाक्यांत दिले.

जपानी मुलासाठी झालं, बंगाली मुलासाठी झालं. मराठी मुलगा कुठे चुकतो हे पाहून, त्याच्या चुका समोर ठेवून बांधलेला इंग्रजी-मराठी कोश मला हवा आहे. आपल्याला ही परंपरा नवीन नाही. मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि तो आजही उघडला की तास जातो. शब्दाचे पदर, म्हणी, कुठला वापर कुठल्या मुलखातला, सगळं त्यात आहे. त्यानेच सुरू केलेला आणि त्याचा सहकारी कँडी याने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. एका परकीय माणसाने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून मराठी शब्दाची एवढी बूज राखली. नंतर आपण कोश केले नाहीत असं नाही. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, पुढे परिभाषा कोशांची रांग लागली. तिथे एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द ठरवणं योग्यच होतं, कारभारात ‘कलेक्टर’ला दहा नावं चालणार नाहीत. पण ती कारभाराची सवय आपण शाळेच्या दप्तरात भरली. रिस्पॉन्सिबल, अकाउंटेबल, लाएबल, तिघांना ‘जबाबदार’ म्हटलं की पोराची वही पुरी होते. काम कुणाकडे होतं, जाब कुणी द्यायचा आणि भरपाई कुणाच्या खिशातून जायची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत हे त्या वहीतून कळत नाही. असा कोश करायला राज्य मराठी विकास संस्था आहे, विद्यापीठांचे इंग्रजी आणि मराठी विभाग आहेत, जे एकमेकांच्या शेजारी बसून चहासुद्धा क्वचितच पितात. आणि कच्चा माल फुकट आहे, दर वर्षी लाखो उत्तरपत्रिका रद्दीत जातात.

*

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी सातवीत आहे. गेल्या महिन्यात ती शब्दार्थ पाठ करत जिन्यात बसली होती. ‘रिलक्टंट म्हणजे अनिच्छुक, रिलक्टंट म्हणजे अनिच्छुक.’ मी विचारलं, अनिच्छुक म्हणजे काय गं? तिने खांदे उडवले. दोन अनोळखी शब्दांची तिने एकमेकांशी ओळख करून दिली होती आणि स्वतः मध्ये कुठेच नव्हती. मी म्हटलं, तुला मामाकडे जायचं नसतं, आई नेतेच, तेव्हा तू कशी जातेस? आतून तिची आजी म्हणाली, ‘कशी म्हणजे? आढेवेढे घेत!’ आजी चौथी पास. इंग्रजीचा गंध नाही. रिलक्टंटला याहून नेमका मराठी अर्थ मी अजून कुठल्या कोशात वाचलेला नाही.

पोरीने शब्दार्थाच्या रकान्यात ‘आढेवेढे घेणारा’ असं लिहिलं आणि आपण होऊन शेजारी एक वाक्य जोडलं, ‘माय ग्रँडमदर इज रिलक्टंट टू टेक हर बीपी टॅबलेट.’ पुढच्या आठवड्यात चाचणीचा पेपर घेऊन ती वर आली. अर्थावर लाल फुली होती, वर ‘अनिच्छुक’ लिहिलेलं, अर्धा गुण गेलेला. वाक्याकडे कुणी पाहिलेलं दिसत नव्हतं.

‘काका, मॅडमना डाऊट विचारू का?’ ती म्हणाली.

मी म्हटलं, विचार.